हॅलोवीनच्या क्राफ्ट फेअरमध्ये पहिल्यांदा टेबल लावत आहे : माल, कागदपत्रे आणि किमती यांविषयी मार्गदर्शन हवे

सुईदोरा

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीतील मिडलसेक्स काउंटीत राहतो. आमच्या टाऊनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, रिक्रिएशन विभागातर्फे १७ ऑक्टोबरला, शनिवारी, सार्वजनिक उद्यानात हॅलोवीनच्या निमित्ताने हस्तकलेची जत्रा भरणार आहे आणि तिथे मला दहा फूट बाय दहा फुटांची जागा मिळाली आहे. जागेचे भाडे ७५ डॉलर आहे. तंबू, टेबल, खुर्च्या असे सारे सामान आपले आपणच न्यायचे आहे. वेळ दुपारी एक ते सायंकाळी सात अशी असल्यामुळे शेवटचा तासभर अंधारात जाईल असे दिसते.

मी गोधड्या शिवते. आजवर ओळखीच्या लोकांसाठी शिवणकाम केले आणि महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात थोडीफार विक्रीही केली, परंतु जिथे समोरच्याला खण म्हणजे काय हे ठाऊक नसते अशा गिऱ्हाइकांपुढे माल मांडण्याचा मला अनुभव नाही. जुन्या सुती साड्यांचे आणि खणाचे कापडी भोपळे, गोधडीच्या धावदोऱ्याने शिवलेले टेबल रनर, क्रोशाची वटवाघळे, आपल्या आकाशकंदिलाच्या धर्तीवरचे कागदी कंदील, आणि लहान मुलांसाठी मलमलीच्या जुन्या साड्यांचे केप व मुखवटे असा माल करण्याचे मनात आहे. भारतातून आणलेली सावंतवाडीची लाकडी फळेही घरात बरीच आहेत. तीही मांडता येतील का, आणि जोडीला बेसनाच्या लाडवांची लहान खोकी ठेवता येतील का, असाही प्रश्न आहे.

माझी मुख्य अडचण अशी की, सगळा माल काळ्या-नारिंगी रंगांत आणि भुताखेतांच्या आकारांत करावा की त्यात मध्यम मार्ग ठेवावा, हे मला ठरवता येत नाही. एका भोपळ्याला मी आठ डॉलर धरले आहेत. ते योग्य आहेत का? आणि कायद्याच्या दृष्टीने काय काय लागते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

काटेकोर

ताई, मालाआधी कागदांचे पाहावे, कारण भोपळे एखाद्या रात्री जागून शिवता येतात, पण नोंदणी तशी उरकता येत नाही.

पहिला प्रश्न व्हिसाचा. आपण त्याविषयी लिहिलेले नाही आणि इथे जाहीरपणे सांगण्याची गरजही नाही, परंतु आपल्यापुरते त्याचे उत्तर नक्की करून घ्यावे. एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्या व्यक्तीला काम करण्याचा परवाना, म्हणजे ईएडी, असल्याशिवाय पैसे घेऊन माल विकण्याचा उद्योग करता येत नाही, आणि ‘हा माझा छंद आहे’ हे उत्तर तिथे तारून नेत नाही. २६ मे २०१५ पासून लागू झालेल्या नियमानुसार, ज्यांच्या एच-१बी जोडीदाराचा नोकरीवरच्या ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला आहे किंवा ज्यांच्या जोडीदाराला सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ मिळालेली आहे, अशा एच-४ धारकांना हा परवाना मागता येतो आणि त्यावर स्वतःचा व्यवसायही करता येतो. कार्डावरची मुदत जत्रेच्या दिवशी चालू असली पाहिजे. ‘मग टेबल यजमानांच्या नावावर लावू’ ही आपल्या मंडळींत नेहमी ऐकू येणारी तोड अधिकच धोक्याची आहे, कारण एच-१बीचा परवाना ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याच कामापुरता असतो. शंका असेल तर वकिलाला अर्ध्या तासाचे पैसे द्यावेत. जत्रेतल्या सगळ्या कमाईपेक्षा ते जास्त झाले तरी द्यावेत.

दुसरा भाग राज्याच्या नोंदणीचा. न्यू जर्सीत एका दिवसाचे टेबल असले तरी विक्रीकर गोळा करण्यासाठी राज्याच्या महसूल खात्याकडे नोंदणी करावी लागते आणि ती व्यवसाय सुरू करण्याच्या किमान कामकाजाचे १५ दिवस आधी करायची असते. नोंदणी झाल्यावर जे अधिकारपत्र मिळते ते टेबलावर दिसेल असे लावायचे असते. विक्रीकर ६.६२५ टक्के आहे, पण तो प्रत्येक वस्तूवर सारखा लागत नाही, आणि आपल्या मालात हा भेद चांगलाच आड येणार आहे. कपड्यांना इथे विक्रीकर नाही आणि कपड्यांच्या व्याख्येत हॅलोवीनचा पोशाखही येतो. मात्र मुखवटा सुटा विकला तर त्यावर कर लागतो. केसांचे बो आणि दागिने ‘कपड्यांच्या जोडवस्तू’ समजले जातात, म्हणून त्यांच्यावरही कर आहे. भोपळे, रनर आणि कंदील हे सारे करपात्र आहेत. कार्ड घेण्याच्या ॲपमध्ये वस्तूंची यादी भरतानाच कोणत्या वस्तूला कर लावायचा याची खूण करून ठेवावी, म्हणजे गर्दीत डोके खपवावे लागत नाही. नोंदणीचा एक फायदाही आहे. जे कापड, दोरा, भराव विकण्याच्या वस्तूत जाणार आहे ते घेताना एसटी-३ हा पुनर्विक्रीच्या दाखल्याचा फॉर्म दिला, तर दुकानात विक्रीकर भरावा लागत नाही.

प्राप्तिकर निराळा. खर्च वजा जाता वर्षाचा नफा ४०० डॉलरपर्यंत गेला की केंद्र सरकारचा १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार करही लागू होतो, तेव्हा भाड्याच्या आणि सामानाच्या पावत्या एका पाकिटात जपून ठेवाव्यात.

शेवटी विमा. अनेक टाऊनशिप दहा लाख डॉलरच्या दायित्व विम्याचे प्रमाणपत्र मागतात आणि त्यावर टाऊनशिपचे नाव जादा विमाधारक म्हणून घालायला सांगतात. एका दिवसापुरता विमाही मिळतो. आपल्या करारपत्रात ही अट आहे का, हे आजच वाचून घ्यावे.

गोधडीघर

मी शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात राहते आणि शरद ऋतूच्या जत्रांत कापडी वस्तू विकते, म्हणून फक्त मालाविषयी लिहिते.

आपल्या मुख्य प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, भोपळ्याला तोंड काढू नये. डोळे-दात काढलेला भोपळा ३१ ऑक्टोबरच्या रात्री संपतो. १ नोव्हेंबरच्या सकाळी दुकाने हॅलोवीनचा सगळा माल निम्म्या किमतीला काढतात आणि आपल्याकडे उरलेला माल वर्षभर खोक्यात पडून राहतो. तोंड नसलेला भोपळा मात्र सप्टेंबरपासून नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारपर्यंत, म्हणजे थँक्सगिव्हिंगपर्यंत, घरात शोभतो. यंदा तो गुरुवार २६ नोव्हेंबरला आहे. १७ ऑक्टोबरला येणारे गिऱ्हाईक हा हिशेब मनाशी करतेच. दोन आठवड्यांसाठी वीस डॉलर घालवायला ते कचरते आणि सहा आठवड्यांसाठी तेवढेच पैसे सहज देते. हीच जत्रा ३० तारखेला असती तर मी सल्ला वेगळा दिला असता. तेव्हा लोक सजावट करून मोकळे झालेले असतात आणि मुलांच्या हातात देण्याजोग्या पाच डॉलरच्या आतल्या वस्तूच जातात. तुमच्या जत्रेसाठी मी तीन चतुर्थांश माल हंगामी, म्हणजे मोहरी, डाळिंबी, शेवाळी, मळकट पांढरा अशा रंगांचा करीन आणि उरलेला चौथा भाग उघड उघड हॅलोवीनचा ठेवीन, कारण जत्रेच्या नावाखाली आलेल्या माणसाला टेबलाकडे ओढायला काळे वटवाघूळ लागतेच.

खण ही तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. गुळेदगुड्डच्या खणाची वीण आणि काठाचा विरुद्ध रंग इथल्या कोणत्याही कापडाच्या दुकानात मिळत नाही. इरकल साडीचा काठ भोपळ्याच्या मध्यावरून न घेता खालच्या अंगाला घ्यावा, म्हणजे दोरा आवळल्यावर तो पाकळ्यांसारखा उमटतो. कापडाचा आयत लांबीला रुंदीच्या दुप्पट कापावा, आखूड बाजू जोडून नळी करावी, एका टोकाला धावदोरा घालून घट्ट चुणून घ्यावे, भराव भरावा आणि मग दुसरे टोक चुणावे. त्यानंतर भरतकामाचा सहापदरी दोरा मध्यातून आरपार काढत सहा किंवा आठ फाका पाडाव्यात. जुनी सुती साडी विरळ झालेली असते आणि तिच्यातून भरावाच्या गाठी दिसतात, म्हणून आतून मांजरपाटाचे अस्तर लावल्याशिवाय ती वापरू नये. बुडाला वजन यावे म्हणून अनेकजणी तांदूळ किंवा मसूर भरतात. तसे करू नये. त्यात किडे होतात, आणि भोपळा उद्यानातल्या ओलसर गवतावर पडला तर आतले धान्य कुजते. धुतलेली बारीक खडी कापडाच्या पुरचुंडीत बांधून घालावी. देठासाठी खऱ्या भोपळ्याचा वाळलेला देठ सर्वांत चांगला. तो मिळाला नाही तर वाकडी काटकी पुरते.

आठ डॉलर ही किंमत मला मान्य नाही. पाऊण तासाच्या कामाला तुमच्या राज्याच्या किमान वेतनाच्या हिशेबाने, म्हणजे ताशी जवळपास १६ डॉलरप्रमाणे, बारा डॉलर होतात. अस्तर, भराव, दोरा यांचे तीन-चार डॉलर धरावेत. जागेचे ७५ डॉलर पन्नास वस्तूंवर वाटले की प्रत्येकीवर दीड डॉलर येतो. म्हणजे विमा आणि पेट्रोल न धरताही आपला खर्चच सतरा डॉलर आहे. मध्यम भोपळ्याला बावीस, मोठ्याला बत्तीस आणि तिघांच्या संचाला पासष्ट असे ठेवून पाहावे. स्वस्त माल पाहून गिऱ्हाइकाला तो कारखान्यातून आला असे वाटते, आणि मग ‘हे माझ्या आजीच्या साडीचे आहे’ असे सांगूनही त्याला ते खरे वाटत नाही.

सावंतवाडीची फळे मात्र घरीच ठेवावीत. हस्तकलेच्या बहुतेक जत्रांत ‘मांडणाऱ्याने स्वतः केलेलाच माल’ अशी अट असते, आणि दुसऱ्या कारागिराने केलेली वस्तू, ती कितीही हाताने केलेली असली तरी, विकत आणून विकलेला माल ठरते. शोभेसाठी एखादी परडी मांडून ‘विक्रीसाठी नाही’ अशी पाटी लावणेही टाळावे, कारण दिवसभर त्याच परडीची किंमत सांगत बसावे लागेल.

काटेकोर

गोधडीघर यांच्या लिखाणाला एक जोड द्यावीशी वाटते. प्रसिद्ध सिनेमांतली किंवा कार्टूनमधली पात्रे क्रोशात विणून विकू नयेत. भोपळा, वटवाघूळ, काळी मांजर आणि चेटकिणीची टोपी ही सर्वांची आहेत, पण पात्रे कंपन्यांच्या मालकीची असतात.

बालवाडीची_ताई

केप, मुखवटे आणि लाडू यांविषयी मी थोडे लिहिते. या तिन्ही वस्तूंमध्ये मला अडचण दिसते, पण ती तिन्हींत सारखी नाही.

बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी म्हणून जी वस्तू विकली जाते तिला २००८ च्या ग्राहकसुरक्षेच्या कायद्याखाली मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची तपासणी, प्रमाणपत्र आणि मागोवा घेता येईल अशी खूण लागते. लहान उत्पादकांना ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाकडे नोंदणी केल्यावर काही चाचण्यांतून सवलत मिळते, परंतु रंगातले शिसे आणि सुटे होऊ शकणारे बारीक भाग यांच्या चाचण्यांतून ती मिळत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूत गिळता येईल एवढा सुटा भाग चालतच नाही. त्यामुळे क्रोशाच्या वटवाघळाला मण्यांचे डोळे लावू नयेत, दोऱ्यानेच भरावेत. ‘हे खेळणे नाही’ अशी चिठ्ठी अडकवली म्हणजे प्रश्न सुटला असेही समजू नये, कारण वस्तू कशी दिसते आणि कोणाला विकली जाते हेही पाहिले जाते. गुबगुबीत आणि हसऱ्या चेहऱ्याचा प्राणी कोणीही खेळणेच म्हणेल. गोधडीघर यांचा बिनतोंडाचा भोपळा इथेही अधिक सुरक्षित ठरतो.

केपचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. अंगावर घालायच्या कापडाच्या ज्वलनशीलतेविषयी अमेरिकेत संघीय नियम आहे. साध्या पृष्ठाचे कापड चौरस यार्डाला २.६ औंस, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ८८ ग्रॅम, किंवा त्याहून जड असेल तर त्याला चाचणीतून सूट मिळते. पॉलिस्टर, नायलॉन, लोकर अशा काही तंतूंना वजन कितीही असले तरी सूट आहे. आपली मलमलीची किंवा वापरून झिजलेली सुती साडी बहुधा त्या वजनाच्या खाली असते आणि सुती असल्याने तिला दुसरी सूटही लागू होत नाही. नियमाचे राहू दे, पण हॅलोवीनच्या रात्री घरोघरी पायऱ्यांवर भोपळ्यांत पेटते दिवे ठेवलेले असतात आणि त्यांच्या जवळून पोरे फडफडणारे केप घालून धावत असतात. मी मुलांबरोबर रोज काम करते आणि मला स्वतःला मलमलीचा केप कोणाच्याही मुलाच्या गळ्यात बांधवणार नाही. केप वगळावेत, आणि मुखवटेही मुलांसाठी न करता भिंतीवर टांगायच्या शोभेच्या वस्तू म्हणूनच करावेत.

लाडवांविषयी सांगायचे तर, न्यू जर्सीत घरच्या स्वयंपाकघरात केलेले पदार्थ विकण्याची मुभा ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळाली. त्यासाठी अन्नसुरक्षा व्यवस्थापकाची परीक्षा देऊन मिळणारे प्रमाणपत्र आणि आरोग्य खात्याचा परवाना लागतो. परवान्याचे शुल्क १०० डॉलर असून तो दोन वर्षे चालतो आणि वार्षिक विक्रीची मर्यादा ५०,००० डॉलर आहे. फ्रिजमध्ये ठेवावे लागणारे पदार्थ चालत नाहीत, म्हणजे खव्याचे सगळे बाद. वेष्टनावर घटकांची यादी, ॲलर्जी आणणारे पदार्थ, आणि ‘हे स्वयंपाकघर आरोग्य खात्याने तपासलेले नाही’ अशा अर्थाचे ठरावीक वाक्य छापावे लागते. १ जानेवारी २०२३ पासून तीळही या ॲलर्जीच्या यादीत आला आहे, हे तिळाची वडी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. एका दिवसाच्या टेबलासाठी हा खटाटोप मला तरी परवडणारा वाटत नाही. आयोजकांनी हस्तकलेसाठी दिलेल्या जागेवर खाद्यपदार्थ चालतील का, हा प्रश्न आणखी निराळाच आहे.

ॲलर्जीचा विषय निघाला म्हणून एक सुचवते. इथे काही घरांच्या दारात मोरपंखी रंगाचा भोपळा ठेवलेला दिसतो. त्याचा अर्थ असा की, या घरी ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी चॉकलेटऐवजी पेन्सिली, स्टिकर, छोटी खेळणी असे काही तरी मिळेल. ही पद्धत २०१२ मध्ये टेनेसी राज्यात सुरू झाली आणि २०१४ पासून ‘फेअर’ या ॲलर्जीविषयक संस्थेने ती देशभर नेली. आता आपल्या साड्यांत मोरपंखी रंगाला काही तोटा नाही! मोरपंखी खणाचे पाच-सहा भोपळे करून पुढच्या बाजूला ठेवावेत. ज्या घरांत असे मूल आहे ती मंडळी ते ओळखतील. संस्थेच्या उपक्रमाचे नाव किंवा चिन्ह मात्र आपल्या चिठ्ठीवर छापू नये.

पिंपळपार

मी पुण्यात असतो, त्यामुळे करांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, परंतु हा धागा वाचताना एक गोष्ट मनात आली. हॅलोवीन मुळात आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या साविन (Samhain) या सणातून आला. उन्हाळा सरून थंडीचे अर्धे वर्ष सुरू होते त्या संधिकाळी मृतांचा आणि जिवंतांचा पडदा पातळ होतो, अशी ती समजूत होती. तिकडे सलगम पोखरून त्यात दिवा लावत. आयरिश लोक अमेरिकेत आल्यावर त्यांना तिथे सलगमपेक्षा मोठा आणि पोखरायला सोपा भोपळा मिळाला. जी मंडळी आपली भुते बरोबर घेऊन गेली त्यांच्या सणात मराठी माणसाने मात्र दुकानातली परकीच भुते का मांडावीत? मुंजा, हडळ, खवीस, झोटिंग, गिऱ्हा, चकवा आणि या सर्वांचा राजा वेताळ, अशी भरगच्च पलटण आपल्याकडे आहे. तळहाताएवढ्या कापडी बाहुल्या कराव्यात आणि प्रत्येकीला दोन ओळींची चिठ्ठी बांधावी : मुंजा पिंपळावर राहतो, गिऱ्हा पाण्यात ओढतो, वेताळाची स्वारी अमावास्येला मशाली घेऊन निघते. अशी वस्तू त्या उद्यानात दुसऱ्या कोणाच्याही टेबलावर नसेल.

दशावतारी

पिंपळपार यांची कल्पना रंजक आहे, पण तिच्यातल्या काही नावांना माझी स्पष्ट हरकत आहे. मी वेंगुर्ल्याकडचा आहे. आमच्या आरवलीला वेताळच वेतोबा या नावाने ग्रामदेव आहे. तो रात्री गावाची राखण करीत फिरतो अशी श्रद्धा असल्याने नवस फेडायला लोक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. गोव्यात आमोण्याला बेताळाचे देऊळ आहे. ज्याच्यापुढे आमच्या घरची माणसे गाऱ्हाणे घालतात त्याची बाहुली बावीस डॉलरला, चेटकिणीच्या शेजारी मांडलेली मला पाहवणार नाही. कालीच्या किंवा चामुंडेच्या चित्रांबाबतही हेच म्हणेन. इथे दरवर्षी कोणी तरी ती ‘भयानक’ म्हणून लावतो आणि आपणच निषेधाची पत्रे लिहितो.

हरकत केवळ दैवतांपुरती नाही. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर सोडमुंजेआधी गेलेला मुलगा, आणि हडळीच्या मागे बाळंतपणात गेलेल्या बाईची समजूत आहे. ही चिठ्ठी इंग्रजीत लिहून एखाद्या आईच्या हातात देऊन पाहावी, म्हणजे ती वस्तू का विकली जाणार नाही हे कळेल. मेक्सिकन लोकांच्या नक्षीदार कवट्यांविषयीही एक शब्द लिहितो. त्या १ आणि २ नोव्हेंबरला येणाऱ्या मृतांच्या दिवसाच्या असतात, घरच्या गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी असतात आणि त्यांचा हॅलोवीनशी संबंध नाही. आपल्या पितृपक्षातली पाने कोणी सजावटीला लावली तर आपल्याला कसे वाटेल, तेवढाच विचार करावा.

पण चकवा मला आवडला. त्याला रूप नाही, देऊळ नाही, कोणाचे मरण त्याला चिकटलेले नाही. तो माणसाला रात्रभर एकाच माळावर गोल गोल फिरवतो आणि उजाडल्यावर सोडून देतो, एवढेच त्याचे काम. सुईदोराताई गोधडी शिवतात. काळ्या कापडावर पांढऱ्या धावदोऱ्याच्या रेषा अशा फिरवाव्यात की बोट ठेवून चालत गेले तर बाहेर पडायची वाट लवकर सापडू नये. टेबल रनरवर हा चकवा उत्तम दिसेल आणि त्याची गोष्ट सांगायला दोन वाक्ये पुरतील.

पिंपळपार

वेतोबाचा मुद्दा मान्य आहे. मुंजाबाबत माझे मत अजून वेगळे आहे, कारण गावोगावी लोक मुंजाच्या गोष्टी मुलांना सांगतातच. पण विकणे आणि सांगणे यांत फरक आहे हे खरे. चकव्याचा रनर झाला तर त्याचे चित्र इथे अवश्य टाकावे.

सुईदोरा

सर्वांचे मनापासून आभार. काटेकोर यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या बाबतीत समाधानकारक आहे. नोंदणीचा अर्ज आज भरला आणि करारपत्रात विम्याची अट आहे हेही पाहिले. केप, मुखवटे, लाकडी फळे आणि लाडू यादीतून काढले. आता तीस भोपळे, त्यांपैकी सहा मोरपंखी, सहा रनर आणि त्यांतले दोन चकव्याचे, दहा वटवाघळे व काही कंदील असा बेत आहे. बावीस डॉलर सांगताना माझी जीभ अडखळेल, हे मात्र खरे.

आता उरला तंबूचा आणि उजेडाचा प्रश्न. उद्यानात वीज मिळणार नाही आणि जमिनीत खुंट्या ठोकायला मनाई आहे. कंदिलांत काय लावावे?

गोधडीघर

किंमत तोंडाने सांगावीच लागू नये म्हणून प्रत्येक वस्तूवर ती लिहावी. चिठ्ठीवर पुढच्या बाजूला किंमत आणि मागे साडी कोणत्या गावची हे लिहिले की बोलणे आपोआप साडीवरून सुरू होते.

खुंट्यांना मनाई बहुतेक उद्यानांत असते, कारण खाली पाण्याचे नळ असतात. तंबूच्या प्रत्येक पायाला किमान ४० पौंड वजन हवे. पाच गॅलनची झाकणाची बादली पाण्याने भरली की साधारण तेवढेच वजन होते, आणि जाताना ती ओतून रिकामी नेता येते. बादली पायाशी नुसती टेकवून उपयोग नाही. तंबूच्या वरच्या कोपऱ्यातून पट्टा खाली आणून तिच्या कड्याला ताणून बांधावा. ऑक्टोबरच्या दुपारी वारा सुटला तर बाजूचे पडदे आधी काढावेत, कारण ते शिडासारखे फुगतात. तंबू विकत घेताना कापडावर सीपीएआय-८४ अशी अग्निरोधक असल्याची खूण शिवलेली आहे ना, हे पाहावे. अग्निशमन अधिकारी फेरीला आले की तेच पाहतात.

कंदिलांत बॅटरीवरचे एलईडी दिवेच लावावेत, पेटती मेणबत्ती एकाही कंदिलात नको. उबदार पिवळा प्रकाश घ्यावा. निळसर पांढऱ्या प्रकाशात खणाचा रंग मरतो. सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळेल, तेव्हा पावणेसहालाच सगळे कंदील तंबूच्या पुढच्या दांडीला टांगून लावावेत. तोपर्यंत बाकीच्या टेबलांवर अंधार पडू लागलेला असतो आणि लोक उजेडाकडे वळतात. माझा अनुभव असा की कंदील दिवसा कोणी विचारत नाही आणि शेवटच्या तासात हातोहात जातात. मात्र दव पडू लागले की कागद सैल होतो, म्हणून विक्रीचे कंदील खोक्यात कोरडे ठेवावेत आणि टांगलेले नमुन्याचे समजावेत. त्यांवर भोपळ्याचे तोंड कापण्याऐवजी नुसती जाळी कापली, तर उरलेले कंदील ८ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनाला मंडळाच्या टेबलावर निघतील.

सुटे पैसे पुरेसे ठेवावेत. एक आणि पाच डॉलरच्या नोटा पहिल्याच तासात संपतात, कारण सगळे जण एटीएममधून वीसची नोट घेऊन येतात. उद्यानात फोनला रेंज नसेल तर कार्डाचे यंत्र चालत नाही, म्हणून आदल्या शनिवारी तिथे जाऊन आपल्या जागेवर उभे राहून ते तपासून यावे.